कोणता मध, कशासाठी? प्रतिकारशक्तीच्या नावानं बरणी घेण्याआधी

मधाच्या बरणीवर 'प्रतिकारशक्ती' हा शब्द छापला की किंमत वाढते. कोल्हापुरात पावसाळ्यात घरातली दोन माणसं खोकायला लागली की ठरलेला प्रश्न येतो, "कुठला मध आणू? जांभळाचा, जंगलातला, का तो न्यूझीलंडचा महागडा?" पहिल्यांदाच नीट विचार करून मध घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मधाच्या जातीनं फरक पडतो, पण कुठं पडतो ते पाहायला हवं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत भरपूर पडतो, जखमेवर पडतो. घशात मात्र कुठलाही चांगला मध जवळपास सारखंच काम करतो, आणि पोटात गेल्यावर जातीजातींतला फरक बराचसा पुसला जातो. त्यामुळे 'कुठला मध' याच्या आधी 'कशासाठी' आणि 'कोणासाठी' हे ठरवायचं.

पायरी १ : प्रतिकारशक्ती म्हणजे काय, ते थोडक्यात समजून घ्या

शरीराचं संरक्षण एका जागी बसलेलं नसतं. त्वचा, नाकाघशातला चिकट पदर, पोटातलं आम्ल ही पहिली फळी. ती ओलांडून जंतू आत आला की भक्षक पेशी धावतात. त्या जंतू गिळतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडून बाकीच्या पेशींना बोलावतात. ताप, सूज, अंग मोडून येणं हे बरंचसं त्या बोलावण्याचेच परिणाम. त्यानंतर काही दिवसांनी नेमक्या त्या जंतूवर नेम धरणारी प्रतिपिंडं तयार होतात. लस काम करते ती या शेवटच्या टप्प्यावर. मध खाऊन हा टप्पा बळकट होतो याला माणसांमधला भक्कम पुरावा नाही, म्हणून मध हा लशीला पर्याय होत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रतिकार 'वाढवणं' हे नेहमी चांगलंच असं नाही. दमा, ॲलर्जी, आमवात या सगळ्यांत प्रतिकारयंत्रणा कमी पडत नाही, उलट नको तिथं जोर करते. आमवाताच्या माणसानं "माझी प्रतिकारशक्ती वाढव" म्हणून काही घेणं म्हणजे उलटीच गंगा. म्हणून कुठल्याही बरणीवर नुसतं 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेलं दिसलं, तर त्या दुकानदाराला विचारा, नेमकं काय वाढतं? उत्तर येणार नाही, पण विचारायला हरकत नाही.

पायरी २ : मधात काय असतं ते बघा

ढोबळ हिशेब असा: फ्रुक्टोज ३८ टक्क्यांच्या आसपास, ग्लुकोज ३१ टक्क्यांच्या आसपास, पाणी १७-१८ टक्के, आणि उरलेल्यात माल्टोजसारख्या इतर शर्करा, आम्लं, थोडी प्रथिनं, परागकण आणि फुलांतून आलेली रंगीत द्रव्यं. मध बऱ्यापैकी आंबट असतो. त्याचा पीएच साधारण ३.२ ते ४.५ असतो, पण गोडीपुढे जिभेला ते कळत नाही.

जंतूंवर मध तीन-चार वाटांनी काम करतो. पहिली वाट साखरेची. पाणी इतकं कमी की जंतूच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. दुसरी आम्लाची. तिसरी सगळ्यांत मजेदार: माशी मकरंदात आपल्या ग्रंथीतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) मिसळते. बरणीत ते झोपलेलं असतं. मधात पाणी मिसळलं, म्हणजे ओल्या जखमेवर मध लावला, की ते जागं होतं आणि हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. चौथी वाट माशीच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेची. 'बी डिफेन्सिन-१' नावाचं प्रथिन माशी जंतूंशी लढायला बनवते, आणि ते मधातही उतरतं हे २०१० मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं.

यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज उष्णतेनं मरतं. उकळत्या चहात किंवा काढ्यात मध घातला की उरतो तो गोडवा. आयुर्वेदात मध तापवू नये म्हणतात. त्यामागची कारणं वेगळी दिलेली आहेत, पण मध तापवायचा नाही इथं दोन्हीकडचं एकमत आहे. काढा गाळून, पेल्याला हात लावता येईल इतका निवला की मग मध.

पायरी ३ : प्रकार ओळखायला शिका

सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितलेत आणि चरकसंहितेत चार. प्रकार करण्याची हौस जुनीच आहे. आज बाजारात तुम्हाला दोन गोष्टींवरून फरक करायचा आहे: माशी कुठली आणि फूल कुठलं.

माशीवरून आपल्याकडं चार मुख्य प्रकार भेटतात.

सातेरी ही आपली देशी, पेटीत राहणारी माशी. भुदरगड तालुक्यात पाटगावच्या बाजूला मधपाळ हीच पाळतात. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यात पाटगावनं ते नाव मिळवलं. सातेरीचा मध पेटीतल्या चौकटी काढून मधयंत्रात फिरवून काढतात. पोळं मोडत नाही, अळ्या चिरडत नाहीत, म्हणून मध स्वच्छ निघतो.

आग्या ही मोठी, रागीट माशी. कड्यावर किंवा उंच झाडाच्या फांदीला एकच भलंमोठं पोळं लटकवते. 'जंगली मध' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक आग्याचं. धूर करून पोळं कापतात आणि पिळतात. त्यामुळे त्यात पराग, मेण, कधी अळ्यांचा रसही येतो आणि पाण्याचं प्रमाण जास्त असतं. पावसाळी हवेत ते २० टक्क्यांच्या वर सहज जातं आणि मध आंबायला लागतो. "फेस येतोय म्हणजे अस्सल" असं सांगणारे विक्रेते भेटतील. फेस येतोय म्हणजे आंबतोय.

मेलिफेरा ही परदेशी माशी, तिला 'इटालियन'ही म्हणतात. मोठ्या ब्रँडच्या बरण्यांत बहुधा हिचाच मध असतो.

चौथी पोया, म्हणजे डंख नसलेली बारीक माशी. भिंतीच्या भेगेत, झाडाच्या ढोलीत राहते. मध अगदी थोडा, पातळ आणि चक्क आंबट. जुनी माणसं औषधाला हाच शोधायची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये डंखहीन माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची, रक्तात सावकाश उतरणारी शर्करा मोठ्या प्रमाणात सापडल्याचं प्रसिद्ध केलं. ते मध मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलचे होते. आपल्या पोयाला ते जसंच्या तसं चिकटवू नका.

आता फूल. सह्याद्रीच्या आपल्या बाजूला, म्हणजे राधानगरी, दाजीपूर, आंबा, गगनबावडा, आजरा, चंदगड या पट्ट्यात जांभूळ, हिरडा, कारवी अशी झाडं-झुडपं मधाला चव देतात. जांभळाचा मध उजेडात धरून बघा. गडद तपकिरी, कडेला किंचित लालसर झाक. जिभेवर आधी गोड लागतो आणि मग मागून हलका तुरटपणा येतो. तो तुरटपणा फुलांतून आलेल्या फिनॉलिक द्रव्यांचा. साधारण नियम असा की मध जितका गडद, तितकी ही द्रव्यं जास्त. परदेशात बकव्हीटच्या (कुट्टूच्या) काळपट मधाची कीर्ती याच कारणानं आहे.

कारवीची गंमत वेगळी. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे निव्वळ कारवीचा मध दरवर्षी मिळूच शकत नाही. दरवर्षी कारवीचा मध देणारा विक्रेता एक तर साठवलेला देतोय किंवा थापा मारतोय. शिवाय कारवीच्या मधात साधी साखर, म्हणजे सुक्रोज, नैसर्गिकरीत्याच जास्त असतं. म्हणूनच एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांत इतर मधाला सुक्रोज जास्तीत जास्त ५ टक्के, पण कारवीला १० टक्क्यांपर्यंत सूट आहे. सह्याद्रीतल्या एका झुडपाचं नाव घेऊन केंद्राच्या नियमात ओळ लिहिली गेलीय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राहिला न्यूझीलंडचा मानुका. मानुका हे तिथलं झुडूप. वायकाटो विद्यापीठातले पीटर मोलन यांच्या लक्षात आलं होतं की या मधातलं पेरॉक्साइड निष्प्रभ केलं तरी तो जंतू मारतो. का, ते २००८ मध्ये कळलं: जर्मनीत ड्रेस्डेनचे थॉमस हेन्ले आणि न्यूझीलंडचा एक गट, दोघांनी स्वतंत्रपणे मिथाइलग्लायॉक्सल हे द्रव्य शोधलं. साध्या मधात ते किलोमागं दोन-चार मिलिग्रॅम, मानुकात काहीशे मिलिग्रॅमपर्यंत. बरणीवरचा 'एमजीओ' आकडा म्हणजे हेच प्रमाण, आणि 'यूएमएफ' ही त्याच्याशी जोडलेली प्रतवारी. यूएमएफ १० म्हणजे एमजीओ २६३ च्या आसपास.

पण पुढचं विक्रेता सांगत नाही. याच हेन्लेंच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं की खाल्लेलं मिथाइलग्लायॉक्सल पचनाच्या वाटेतच झपाट्यानं मोडून जातं. म्हणजे मानुकाची खरी ताकद जखमेवर. चमच्यानं गिळला तर त्या महागड्या आकड्यातलं फारसं काही रक्तापर्यंत पोचत नाही.

पायरी ४ : प्रयोगशाळेतल्या बातम्या कशा वाचायच्या

'मध प्रतिकारपेशींना जागं करतो' या बातम्या खोट्या नाहीत. वेल्समधल्या कार्डिफच्या संशोधकांनी २००१ पासून प्रयोग केले. मानवी भक्षक पेशींवर मध टाकला तेव्हा टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी सायटोकाइन जास्त सुटली. नुसत्या साखरेच्या पाकानं तसं झालं नाही. मानुका, जेलीबुश (मानुकाचंच ऑस्ट्रेलियातलं भावंड) आणि कुरणातल्या साध्या फुलांचा मध, तिघांनीही पेशी जाग्या केल्या. पुढं २००७ मध्ये त्यांनी मानुकातला एक बारीक घटक वेगळा काढून दाखवला, जो पेशीवरच्या टीएलआर-४ या घंटीवर बोट ठेवतो. दुसऱ्या गटांनी माशीच्या रॉयल जेलीतल्या एका प्रथिनाला आणि कानुका या न्यूझीलंडच्याच दुसऱ्या झुडपाच्या मधातल्या शर्करा-प्रथिनांना असंच श्रेय दिलं.

गोची इथं आहे. टीएलआर-४ हीच घंटी जंतूंच्या कवचातल्या एंडोटॉक्सिननंही वाजते. नैसर्गिक मधात माशीच्या पोटातून, धुळीतून आलेले जंतू आणि त्यांचे अवशेष असतातच. २००८ मध्ये संशोधकांनी हे तपासलं आणि सायटोकाइन सुटण्याचा निदान काही भाग या एंडोटॉक्सिनचाच असल्याचं दाखवलं. म्हणजे काही प्रयोगांत पेशी मधाला नाही, मधातल्या कचऱ्याला प्रतिसाद देत होत्या! सगळे प्रयोग यामुळे बाद होत नाहीत, पण 'पेशी जागी झाली' हे वाचून लगेच बरणी घेऊ नये.

त्यात मध उलट बाजूनंही काम करतो. आधीच भडकलेल्या पेशींवर मधातली फिनॉलिक द्रव्यं दाह कमी करताना दिसतात. शांत पेशीला चिमटा, चिडलेल्या पेशीला थोपटणं. गडद मधात हा दुसरा गुण जास्त दिसतो. मलेशियातल्या तुआलांग मधावर यासंबंधी बरंच काम झालंय, आणि तो मध गोळा करणारी माशी म्हणजे आपली आग्याच. आपल्या आग्याच्या आणि जांभळाच्या मधावर तसं सविस्तर काम व्हायला काय हरकत आहे? शिवाजी विद्यापीठ इथून हाकेच्या अंतरावर आहे.

बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा: प्रयोग काचेत, उंदरात का माणसात? मध खाल्ला का लावला? आणि किती? काचेतल्या पेशीला मिळणारं प्रमाण एका चमच्यानं तुमच्या रक्तात कधीच येत नाही.

पायरी ५ : कामानुसार मध निवडा

*खोकल्यासाठी.* इथं पुरावा चांगला आहे. अमेरिकेत पेन स्टेटच्या इयान पॉल यांनी २००७ मध्ये सर्दीखोकला झालेल्या १०५ मुलांवर अभ्यास केला. रात्री झोपताना बकव्हीटचा मध दिला, तेव्हा काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा खोकला कमी आणि झोप बरी होती. इस्राएलमध्ये २०१२ साली ३०० मुलांवर निलगिरीचा, लिंबूवर्गीय फुलांचा आणि तुळशीच्या कुळातल्या फुलांचा असे तीन मध, आणि तुलनेला खजुराचा पाक, असं करून पाहिलं. तिन्ही मध पाकापेक्षा सरस ठरले. एकानं बाकीच्या दोघांना मागं टाकलं असं काही झालं नाही. ऑक्सफर्डच्या २०२० च्या आढाव्यातही सर्दीखोकल्यात नेहमीच्या उपायांपेक्षा मध बरा ठरला.

मग काय करायचं? एक वर्षावरच्या मुलाला अर्धा ते एक चमचा, सहा-सात वर्षांच्या पुढं एक चमचा, मोठ्यांना दोन चमचे. झोपायच्या अर्धा तास आधी, तसाच चाटायचा. घशातून सावकाश उतरू द्यायचा, वरून लगेच पाणी नको. जांभळाचा, सातेरीचा मिश्र, दुकानातला चांगला, कुठलाही चालतो. खोकल्यासाठी मानुका आणणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं.

*जखम आणि भाजल्यासाठी.* जातीचा आणि प्रक्रियेचा खरा फरक पडतो तो इथं. हे काम आपल्या शेजारीच झालंय याची फार लोकांना कल्पना नसते. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. अर्ध्यांना मधाची पट्टी, अर्ध्यांना तेव्हाचं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या होत्या. जगभरात मध आणि जखम या विषयावर लिहिणारे आजही हे नाव घेतात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानं सगळे अभ्यास एकत्र पाहून निष्कर्ष काढला की वरवर भाजलेल्या जखमा मधानं नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात. पायावरच्या जुनाट व्रणांबाबत मात्र असा निर्वाळा मिळाला नाही.

म्हणून स्वयंपाकघरातली बरणी उघडून जखमेवर ओतायची का? नाही. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. त्यात जंतूंचे बीजाणू मरतात आणि मधाचे गुण टिकतात. अशा मधाच्या ट्यूब आणि पट्ट्या औषध दुकानात मिळतात. डॉक्टरांना विचारून घ्या. किरकोळ चटका बसला तर आधी नळाखाली वीस मिनिटं गार पाणी, बाकी सगळं नंतर. मधुमेहाच्या माणसाच्या पायाची जखम असेल तर घरचे प्रयोग अजिबात नकोत, सरळ सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या डॉक्टरांकडं.

*ॲलर्जीच्या शिंकांसाठी.* "गावचा मध रोज खा, गावच्या परागाची सवय होते" ही कल्पना ऐकायला झकास आहे. अडचण अशी की माशी जे पराग आणते ते रंगीत, चिकट फुलांचे, आणि नाकाला त्रास देतात ते बहुतेक गवताचे, वाऱ्यावर उडणारे. अमेरिकेत २००२ मध्ये पाहिलं तेव्हा स्थानिक मधाचा उपयोग दिसला नाही. मलेशियात २०१३ मध्ये थोडा दिसला, पण तिथं औषधासोबत रोज वजनाच्या किलोमागं एक ग्रॅम मध दिला होता. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम! शिंका जातील, वजन येईल.

*रोजचा चमचा.* आवडतो म्हणून खा. जागतिक आरोग्य संघटना मधातल्या साखरेला वेगळी सवलत देत नाही. ती 'मुक्त शर्करा'तच मोजते आणि एकूण दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. मधाच्या एका लहान चमच्यात साधारण पावणेसहा ग्रॅम साखर असते. चहाची साखर, गूळशेंगदाणे, संध्याकाळचं श्रीखंड हे सगळं त्याच पंचवीसात बसवायचंय. इथं काकवीचा प्रश्न हमखास येतो, कारण गुऱ्हाळाच्या दिवसांत ती घरोघरी असते. काकवी छानच, पण ती उकळलेला उसाचा रस आहे. माशीची विकरं, पेरॉक्साइड, डिफेन्सिन यातलं तिच्यात काही नाही. भाकरीबरोबर खायला उत्तम.

पायरी ६ : कोणाला द्यायचा नाही

एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटवायचाही नाही, बोटाला लावूनही नाही, सोनं उगाळून तर नाहीच. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. बाळाच्या आतड्यात अजून बाकीच्या जंतूंची वस्ती बसलेली नसते, म्हणून तिथं रुजतात आणि विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, शौचाला होत नाही, मान टाकतं, रडण्याचा आवाज बारीक होतो. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत, आणि मध शुद्ध आहे का भेसळीचा याचा याच्याशी संबंध नाही. पाटगावचा अस्सल मध असला तरी नाही.

हे घरात सांगणं अवघड जातं, कारण बारशाला आलेल्या आज्जीचा हात आधी बाळाच्या तोंडाकडं जातो. वाद घालू नका. "आज्जी, डॉक्टरांनी वर्षभर काहीच गोड द्यायला मना केलंय, पहिल्या वाढदिवसाला तुमच्याच हातनं चाटवू," असं म्हटलं की बहुतेक आज्ज्या ऐकतात.

मधुमेह असेल तर मध साखरेसारखाच मोजा. केमोथेरपी चालू असलेल्यांना किंवा अवयवरोपण झालेल्यांना कच्चा मध देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मध किंवा पराग खाऊन कधी ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या असतील तर तो विषय बंद.

पायरी ७ : विकत घेताना

पाण्यात थेंब टाकणं, कागदावर डाग बघणं, काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवणं, मुंग्या येतात का पाहणं, हे सगळं विसरा. घट्ट पाक या सगळ्या परीक्षा आरामात पास होतो. सीएसई या दिल्लीच्या संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. नेहमीच्या चाचण्यांत निभावलेले बरेचसे नमुने जर्मनीतल्या एनएमआर या जास्त बारकाईच्या चाचणीत उघडे पडले आणि १३ पैकी तीनच ब्रँड सगळ्यात उत्तीर्ण झाले. तांदळाचे आणि इतर पाक आता नेहमीच्या चाचण्यांना चकवा देण्यासाठीच बनवले जातात. प्रयोगशाळेला जे जड जातं ते काडेपेटीला काय कळणार!

तुम्ही करू शकता ते असं. जोतिबा-पन्हाळ्याच्या रस्त्याला बादलीत पोळं ठेवून समोर पिळून देणाऱ्याकडून घेऊ नका. वर पोळं खरं असतं, खाली काय असतं ते त्यालाच माहीत. मधपाळाकडून किंवा त्यांच्या संस्थेकडून घेत असाल तर विचारा: मध कुठल्या महिन्यात काढला, त्या वेळी आसपास काय फुललं होतं, चौकट मधयंत्रात फिरवली का पोळं पिळलं? जांभूळ मार्च-एप्रिलमध्ये फुलतं, तेव्हा 'दिवाळीत काढलेला ताजा जांभळाचा मध' म्हटलं की समजून जा. खरा मधपाळ या प्रश्नांवर खुलतो आणि अर्धा तास सोडत नाही.

ओलाव्याचं प्रमाणही विचारा. नियमानं ते २० टक्क्यांच्या आत हवं. मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर लागतो. साखर कारखान्यात किंवा ऊस विभागात कुणी ओळखीचं असेल तर त्याला 'ब्रिक्स' (रसात विरघळलेल्या साखरेचं माप) समजावून सांगावं लागणार नाही. मधाचा ब्रिक्स ८० च्या आसपास हवा. मात्र उसाच्या रसाचं यंत्र बहुधा ३२ पर्यंतच मोजतं, मधासाठी वरच्या मापाचं वेगळं लागतं. काचेवर एक थेंब, झाकण दाबायचं, उजेडाकडं धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठं येते ते वाचायचं. बस्स.

थंडीत मध रवाळ झाला म्हणून परत करू नका. ग्लुकोज जास्त असलेला मध साखर धरतोच, आणि ती भेसळीची खूण नाही. उलट वर्षभर एका थेंबानंही न गोठणारा मध बराच तापवलेला किंवा गाळून गाळून पराग काढलेला असू शकतो.

पायरी ८ : घरी आणल्यावर

काचेची बरणी, घट्ट झाकण, ओट्यापासून लांब आणि उन्हाबाहेर. फ्रिजमध्ये नको, तिथं लवकर गोठतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडी बरणी हवेतली ओल खेचून घेते, म्हणून ओला चमचा कधीही घालू नका आणि मोठ्या बरणीतून आठवड्यापुरता मध छोट्या बाटलीत काढून तोच वापरा. गोठला तर बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. वर फेस, आंबूस वास आणि झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर तो मध आंबलाय. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देऊ नका. आणि मधावर भरवसा ठेवून डॉक्टरांकडं जायचं लांबवू नका: खोकला तीन आठवड्यांपुढं गेला, श्वास लागला, कफात रक्त दिसलं किंवा ताप हटेना, तर त्याच दिवशी दाखवा.